नववी पायरी

"दिवे घालवा," उजेडबुवा म्हणाले, आणि सभागृहात काळोख झाला.

सहाशे खुर्च्यांचं सभागृह आणि माणसं आठशेच्या वर. भिंतींना टेकून उभी होती, पायऱ्यांवर बसली होती, दारात एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंचावत होती. समोरच्या पांढऱ्या पडद्यावर एक मेंदू उगवला. राखाडी, सुरकुतलेला, मधोमध कापलेल्या फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. बुवांनी हातातलं बटण दाबलं आणि त्या गड्ड्यावर ठिकठिकाणी निखारे फुलले. इथे केशरी, तिथे पिवळा, कपाळामागे तर पांढराशुभ्र. आठशे माणसांनी एकदम श्वास आत ओढला.

"हे मी म्हणत नाही," बुवा म्हणाले. आवाज असा मऊ, की मागच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं आपल्याच कानात बोलतायत. "मी कोण म्हणणारा? मी तर रिकामं भांडं. हे मशीन म्हणतंय. मशीनला लाच देता येते का?"

"नाही!"

"मशीन भिडेखातर हो म्हणतं का?"

"नाही!"

"मग ज्याला डोळे आहेत त्याने बघावं."

दुसरं चित्र आलं. आलेख. डावीकडून उजवीकडे चढत गेलेली एक रेघ. खाली आकडे होते. एक, दोन, तीन, आणि मग बरीच मोकळी जागा सोडून अगदी उजव्या टोकाला नऊ.

"ही पहिली पायरी. बैठकीला न बसणारे. मेंदूची साल बघा, सुकलेल्या पानासारखी. ही दुसरी, ही तिसरी. आणि ही," त्यांनी लाल ठिपका वर वर नेला, "ही नववी पायरी! परवा एका शहाण्याने विचारलं, बुवा, चार ते आठ कुठे गेल्या? मी म्हटलं, अरे बाबा, विमानात बसलेला माणूस मधली स्टेशनं मोजतो का?"

हशा झाला, टाळ्या झाल्या. स्टेजवर बाजूच्या खुर्चीत इस्पितळाचे मोठे डॉक्टर बसले होते, तेही हसले. आणि माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या धाकट्या बहिणीने माझा हात गच्च धरला.

"ताई," ती कुजबुजली, "मी गोळ्या बंद करायचं म्हणतेय."

धाकटीला पहिली फीट आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. जिन्यात. मी तिला कुशीवर वळवून धरून बसले होते आणि आई नुसती ओरडत होती. त्यानंतर गोळ्या सुरू झाल्या, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. पांढरी, बारीक, मधोमध रेघ असलेली गोळी. डोस वाढत गेला आणि फिटा थांबल्या. शेवटच्या एकतीस वर्षांत फक्त दोन. पण गोळी फुकट काम करत नाही. धाकटी टेलिफोन खात्यात होती, जुन्या, कॉल जोडायला दोऱ्या खुपसायच्या बोर्डावर. शहरातले पाचशे नंबर तिला तोंडपाठ होते. दुकान सांगा, दवाखाना सांगा, ती डोळे मिटूनही सांगायची. गोळ्यांनी ते नंबर एकेक करून नेले. बोलता बोलता शब्द सापडेनासे झाले. "ते हे गं, ते... ज्याने केस विंचरतात," असं ती म्हणायची आणि मग चिडून रडायची.

तिला उजेड नको होता. तिला तिचे नंबर परत हवे होते. बुवांच्या दारात जाणारा प्रत्येक जण मूर्ख असतो असं मी कधीच म्हणणार नाही.

आता थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं. इलाज नाही, कारण या गोष्टीतला चोर बुवा असला तरी चावी माझ्या हातची आहे.

त्याच इस्पितळाच्या तळघरात, मेंदूची चित्रं काढणाऱ्या मशीनच्या दारात, मी चौतीस वर्षं काऊंटरवर बसले. लोक मला काऊंटरबाईच म्हणत. पहिलं मशीन आलं तेव्हा ते आत न्यायला भिंत पाडावी लागली होती. अख्खं इस्पितळ बघायला जमलं होतं. मशीनच्या खोलीत लोखंड चालत नाही, म्हणून बाहेर भिंतीत बारा कप्पे होते. पेशंट आत जाताना घड्याळ, किल्ल्या, केसांच्या पिना, कवळी, सगळं काढून माझ्यासमोर ठेवायचे, मी कप्प्यात ठेवायची आणि नंबराचा बिल्ला द्यायची. कवळी काढलेला माणूस खोटं बोलत नाही. केवढाले साहेब माझ्यासमोर बोळक्या तोंडाने "बाई, काही सापडलं तर?" असं विचारून गेले. मी म्हणायची, "काही सापडणार नाही हो." दर वेळी ते खरं नसायचं.

माझं दुसरं काम फॉर्म भरण्याचं. ते मला ज्या हेडक्लार्कनी शिकवलं त्यांचा एकच नियम होता. रिकामा रकाना ठेवायचा नाही. "रिकामा रकाना म्हणजे उघडं दार," ते म्हणायचे. "उद्या कुणीही येईल आणि काहीही भरेल. उत्तर मिळालं नाही, विचारता आलं नाही, की सरळ नऊ घाल. नऊ म्हणजे ठाऊक नाही." मी चौतीस वर्षं तो नियम पाळला. माझ्यामागून आलेल्या पोरींनाही तोच शिकवला.

मी निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधी फॉर्मवर एक नवा रकाना आला. "बैठकीला बसता का?" उजेडबुवांच्या केंद्राने इस्पितळाला नवं मशीन दिलं होतं आणि मोठे डॉक्टर अभ्यास करणार होते, की डोळे मिटून एका सुरात गुणगुणत बसल्याने मेंदूला काय होतं. उत्तरं ठरलेली होती. कधीच नाही असेल तर एक. कधीमधी असेल तर दोन. रोज असेल तर तीन. मी विचारायची, लिहायची.

मग निवृत्त झाले, सहा वर्षं गेली, आणि त्या दिवशी सभागृहात पडद्यावर तो नऊ बघितला. ओळखीचा माणूस रस्त्यात भेटावा आणि नाव आठवू नये, तसं झालं. घरी आल्यावर विसरले. माझी स्मरणशक्ती चांगली आहे असं सगळे म्हणतात. नको तेव्हा ती झोपा काढते.

धाकटीने आधी संध्याकाळची गोळी अर्धी केली.

"डॉक्टरांना विचारलंस?" मी म्हटलं.

"मोठे डॉक्टरच स्टेजवर असतात, ताई."

"त्यांनी सांगितलं, गोळ्या कमी कर म्हणून?"

"तोंडाने कुणी सांगत नाही. बुवा एवढंच म्हणतात, उजेड आला की कुबड्या आपोआप गळतात."

"कुबडी गळली की माणूस पडतो."

"तुला सगळ्याची थट्टाच सुचते. चौतीस वर्षं दाराबाहेर बसलीस तू. आत काय दिसतं ते तुला काय ठाऊक?"

हे मला लागलं. कारण खरं होतं.

तीन आठवड्यांत संध्याकाळची गोळी पूर्ण गेली आणि सकाळची अर्धी झाली. आणि खरंच धाकटीचा चेहरा उजळला! शब्द सापडायला लागले. एका सकाळी तिने जुन्या औषधाच्या दुकानाचा नंबर म्हणून दाखवला, बंद पडून वीस वर्षं झालेल्या दुकानाचा. तिला वाटलं बैठकीचा गुण. गोळीची गुंगी उतरत होती, आणि गुंगीखाली जे बांधून ठेवलं होतं तेही सुटत होतं. मी तिच्या मुलीला फोन केला.

भाची दुसऱ्या शहरात टायरच्या कारखान्यात आकडेवारीचं काम करते. कुठल्या यंत्रावरचा टायर किती टिकतो, असलं काहीतरी. ती शनिवारी सकाळी बॅग टाकून आली आणि आईशी भांडायच्या ऐवजी स्वयंपाकघराच्या टेबलावर बुवांचं पत्रक पसरून बसली. तोच मेंदू, तोच आलेख.

"मावशी, हे चार ते आठ खरंच कुठे गेले?"

"विमानात बसले," मी म्हटलं.

"नाही, थट्टा नको. बघ ना, एक, दोन, तीन या तिन्हींची उंची जवळपास सारखीच आहे. सगळी रेघ उचलून धरलीय ती या एकट्या नवाने. हा नऊ काढला तर रेघ आडवी पडेल. कोण आहेत हे नऊवाले? अशा किती लोकांनी एवढी मोठी साधना केली?"

मी शेंगा सोलत होते. हातातली शेंग हातातच राहिली.

"अगं," मी म्हटलं, "नऊ म्हणजे ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी विचारलंच नाही. ते नऊ माझे आहेत. माझ्या हातचे."

भाचीने चष्मा काढला. "मावशी, नीट सांग. विचारलं कुणाला नाही?"

मग मला सगळं आठवलं, एकदम, धरण फुटावं तसं. दर सोमवारी सकाळी पेशंट यायच्या आधी मशीन नीट चालतंय का हे बघायला एका धडधाकट माणसाला त्यात झोपवायचे. बहुतेक वेळा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुली. वीस-एकवीस वर्षांच्या, जांभया देत यायच्या. फॉर्म भरल्याशिवाय मशीनवर फाईल उघडत नसे, म्हणून त्यांचाही फॉर्म भरायचा. बैठकीला बसता का, हे त्यांना कोण कशाला विचारेल? त्या काही पेशंट नव्हत्या. नऊ. दोन वर्षांचे सोमवार, शंभराला चार-पाच कमी.

"आणि एक, दोन, तीनवाले?" भाचीने विचारलं.

"पेशंट. पन्नाशीचे, साठीचे, सत्तरीचे. विसरभोळे, चक्करवाले, तुझ्या आईसारखे."

भाची हसली नाही. ती फक्त म्हणाली, "चल तळघरात."

तळघर तसंच होतं. तोच गारठा, तीच फिनेलचा वास मारणारी लादी, भिंतीत ते बारा कप्पे. शनिवारची दुपार, काऊंटर बंद. आतल्या खोलीत आकडेवाले एकटेच बसले होते, अंगात दोन स्वेटर. मी होते तेव्हापासून ते तिथे आहेत. मशीन नुसती चित्रं काढतं, शेकडो चित्रांतून अर्थ काढायचं काम त्यांचं. मला बघून ते उभे राहिले. "बाई! तुम्ही?" आणि मग माझ्या हातातलं पत्रक दिसलं तसे परत बसले.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं, बंद केलं, परत उघडलं. "पहिल्यांदा ठाऊक नव्हतं. रकान्यात आकडे होते, मी आकडे म्हणून घातले. चित्र असं पेटलं की मोठे डॉक्टर खुर्चीतून उठले. दोन महिन्यांनी मला शंका आली. मी विचारलं, साहेब, हे नऊ कोण? म्हणाले, फॉर्मवर आहे ते घाल, जास्त डोकं चालवू नको."

"आणि वय?" भाची म्हणाली. "वयाचा रकाना घातला नाहीत?"

"घातला होता. घातला की चित्र विझायचं. तर साहेब म्हणाले, वय काढून टाक. साधनेला वय नसतं."

पंखा नव्हता, मशीनचा घुमणारा आवाज तेवढा भिंतीतून येत होता.

"मला समजेल असं सांगा," मी म्हटलं. "ते निखारे कसले? मेंदूत खरंच काही पेटतं का?"

"काही पेटत नाही हो, बाई. रंग आम्ही देतो. मेंदूचे हजारो बारीक तुकडे करायचे, हिशोबापुरते. प्रत्येक तुकड्याची साल किती जाड ते मोजायचं. मग प्रत्येकाला एकच प्रश्न. बैठकीचा आकडा वाढतो तशी तुझी साल जाड होते का? हो म्हणाला की तो तुकडा केशरी करायचा. जोरात हो म्हणाला की पिवळा."

"आणि साल जाड कुणाची असते?"

"तरुणांची," दोघं एकदमच म्हणाली.

भाचीने मला हाताला धरून बाहेर नेलं, त्या बारा कप्प्यांसमोर. "मावशी, हा कप्पा तीन आणि हा कप्पा नऊ. नऊ नंबरचा तिनाच्या तिप्पट मोठा आहे का?"

"वेडी का तू? सगळे सारखेच आहेत. नंबर नुसता ओळखायला."

"झालं. हेच ते. काही आकडे मोजलेले असतात. वय, वजन, ताप. तिथे चाळीस म्हणजे वीसच्या दुप्पट. आणि काही आकडे नुसती नावं असतात. कप्प्याचा नंबर, बसचा नंबर, तुझा एक-दोन-तीन-नऊ. कॉम्प्युटरला हे कळत नाही. त्याला नऊ दिला, त्याने समजून घेतलं की हा माणूस रोज बसणाऱ्याच्या तिप्पट बसतो. नावांशी वागायची रीत वेगळी. प्रत्येक नावाला स्वतंत्र रकाना द्यायचा आणि त्यात फक्त आहे किंवा नाही एवढंच लिहायचं. मग प्रत्येक गट आपापल्या पायावर उभा राहतो, कुणी कुणाच्या डोक्यावर चढत नाही."

आत जाऊन आकडेवाल्यांनी तसं केलं. रोज बसणाऱ्यांना एक रकाना, कधीमधीवाल्यांना एक, न विचारलेल्यांना एक, आणि हे तिघं न बसणाऱ्यांहून वेगळे आहेत का, हा प्रश्न. अर्धा तास लागला. रोज बसणाऱ्यांचं चित्र आलं. राखाडी. कधीमधीवाल्यांचं आलं. राखाडी. न विचारलेल्यांचं आलं आणि बुवांचे सगळे निखारे तिथे होते, एकही कमी नाही. मग त्यांनी वयाचा रकाना घातला.

ते चित्रही विझलं.

आठशे माणसांचा श्वास जिने अडवला होता, ती नर्सिंगच्या मुलींची विशी होती. बस्स. आणि ती आठशे माणसांपर्यंत पोचली माझ्या अक्षरातून.

घरी येऊन आम्ही धाकटीला सगळं सांगितलं. भाचीने कागदावर काढून दाखवलं. धाकटी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "माझं पण चित्र काढलं होतं त्या वेळी. माझा ठिपका कुठे आहे?"

भाचीने आकडेवाल्यांकडून आणलेल्या कागदावर बोट ठेवलं. तीन नंबरच्या घोळक्यात, मधोमध. वर नाही, खाली नाही.

"रोज पहाटे उठून दोन वर्षं बसले होते मी," धाकटी म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. मग ताठ झाली. "तुम्ही दोघींनी मला सांगितलंत. ठीक. पण त्यांच्या तोंडून ऐकू दे. पुढच्या शनिवारी विचार त्यांना, सगळ्यांसमोर. उत्तर देता आलं नाही तर मी गोळी घेईन."

"आजपासून घे ना," भाची म्हणाली.

"शनिवारनंतर."

आम्ही विनवलं, रागावलो, भाचीने पाणी आणि गोळी हातात दिली. ती ओठ मिटून बसली. पालथ्या घड्यावर पाणी. भाची रजा घेऊन राहिली आणि सात दिवस मी धाकटीच्या मागे मागे फिरले.

शनिवारी मी एकटी गेले नाही. वॉर्डातल्या एका सिस्टरला बरोबर घेतलं. आता ती चांगली अनुभवी नर्स आहे, पण मला आठवत होती, आठ वर्षांपूर्वीची सोमवारची पोरगी. तिचा फॉर्म आकडेवाल्यांनी काढून दिला होता. माझं अक्षर, माझा नऊ.

दिवे गेले, मेंदू आला, निखारे फुलले. "मशीन खोटं बोलतं का?" बुवांनी विचारलं, आणि मी उभी राहिले. पाय कापत होते, खोटं कशाला बोलू.

"मशीन खोटं बोलत नाही," मी म्हटलं. "पण त्याच्या दारात बसून हे आकडे मी लिहिलेत. नऊ म्हणजे नववी पायरी नाही. नऊ म्हणजे मी विचारलं नाही."

गलका झाला. कुणीतरी ओरडलं, "बसवा त्या म्हातारीला!" मी बसले नाही. "ही तुमची नववी पायरी," मी म्हटलं, आणि सिस्टर उठली.

"मी त्या वेळी वीस वर्षांची होते," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "मला मशीन तपासायला झोपवलं होतं. बैठक काय असते तेही मला ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगू का, मी आत घोरत होते."

लोक हसले. क्षणभर मला वाटलं, जिंकलो. स्टेजवर मोठे डॉक्टर बुटांच्या टोकांकडे बघत होते. धाकटीने मान वर केली.

बुवांनी डोळे मिटले. मग हात पसरले. "बघा!" ते म्हणाले, आणि आवाजात इतकं प्रेम होतं की मलाच क्षणभर खरं वाटलं. "बघा या मुलीला! जन्मभर रुग्णसेवा. न बसता बसलेली! न मागता मिळालेलं! हीच नववी पायरी! आणि या माउलीच्या हातून नकळत नऊच का लिहिला गेला? आठ का नाही? सात का नाही? कुणी लिहून घेतला?"

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. पुढच्या रांगेतली एक बाई सिस्टरच्या पाया पडायला धावली. सिस्टर बिचारी "अहो, नको, नको" करत मागे सरत खुर्चीवर आदळली. मी काहीतरी ओरडत होते, वय, रकाने, कप्पे. कुणाला ऐकू गेलं नाही. आकडेवाले आलेच नव्हते. त्यांना नोकरी टिकवायची होती.

पण धाकटीने टाळी वाजवली नाही. ती उठली आणि आम्ही बाहेर आलो. रस्त्यावर तिने माझा दंड धरला.

"त्यांनी उत्तर दिलं नाही, ताई," ती म्हणाली. "मी पाचशे नंबर लक्षात ठेवले आयुष्यात. प्रश्न टाळणारा आवाज मला फोनवरसुद्धा कळतो."

"मग घरी गेल्या गेल्या गोळी घे."

"आज डोकं भणभणलंय. उद्या सकाळी घेते. नक्की."

मी मान डोलावली. जिंकलेल्या माणसाने घाई करू नये असं मला वाटलं. या सगळ्या गोष्टीत माझ्या हातून एवढी मोठी चूक दुसरी झाली नाही, त्या नवांपेक्षाही मोठी.

सकाळी साडेसहाला न्हाणीघरातून बादली पडल्याचा आवाज आला. भाचीने दार तोडलं. मी धाकटीला कुशीवर वळवून धरलं, एकोणिसाव्या वर्षी जिन्यात धरलं होतं तसंच. एक फीट थांबायची आणि दुसरी सुरू व्हायची. गाडी यायला वीस मिनिटं लागली. गोळी बेसिनच्या कडेला होती, शेजारी पाण्याचा पेला. तिने काढून ठेवली होती. आधी तोंड धुवायला गेली होती.

सोमवारी दुपारी तिला तळघरात आणलं, मेंदूचं चित्र काढायला. माझ्या काऊंटरवर आता एक नवी मुलगी बसते. मी तिला ओळखत नव्हते, पण तिची रीत ओळखीची होती. नाव, वय, पूर्वीचे आजार, एकेक विचारून भराभर लिहीत गेली. मग तिने स्ट्रेचरकडे बघितलं. धाकटी बेशुद्ध, तोंडात नळी. मुलीने पेन खाली नेलं. तो रकाना अजून होता. "बैठकीला बसता का?" तिने न विचारता, न थांबता, वळणदार अक्षरात लिहिलं, नऊ.

माझी बहीण नवव्या पायरीवर पोचली.

"बाळ," मी म्हटलं, "ते खोड."

"आजी, रिकामं ठेवता येत नाही. इथला नियम आहे."

"ठाऊक आहे मला. रिकामं नको ठेवूस. शब्दांत लिही. लिही, पेशंट बेशुद्ध, विचारता आलं नाही."

"एवढं मावत नाही हो रकान्यात."

"मग रकान्याबाहेर लिही."

तिने नऊ खोडला. मग तिने लिहिलं.

धाकटी जगली. उजवा हात नीट चालत नाही आणि बोलणं बरंचसं गेलं. गोळ्या आता भाची वारांचे कप्पे असलेल्या डबीत भरून ठेवते आणि मी समोर उभी राहून देते. धाकटीला माझं नाव सापडत नाही, ताई हा शब्दसुद्धा नाही. मला हाक मारायची असली की ती "दोनशे सतरा" म्हणते. माझ्या तळघरातल्या काऊंटरवरच्या फोनचा नंबर होता तो. पाचशेंपैकी तेवढा एक राहिला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. आता ओ देते.

बुवांचं सभागृह अजून भरतं. चित्र तेच आहे. मोठे डॉक्टर हल्ली स्टेजवर बसत नाहीत, पहिल्या रांगेत बसतात.

मी ही हकिकत लिहिली ती बुवांसाठी नाही. तुम्ही उद्या कुठल्या तरी अंधाऱ्या सभागृहात बसाल, समोर रंगीत चित्र येईल आणि कुणीतरी म्हणेल, हे मी म्हणत नाही, मशीन म्हणतंय. तेव्हा हात जोडायच्या आधी उभे राहा. पाय कापले तरी चालेल. विचारा, हा आकडा मोजलाय की नुसतं नाव दिलंय? कुणाला विचारून लिहिला? कुणाला विचारायचं राहून गेलं? काय काढून टाकल्यावर हे चित्र पेटलं? उत्तराऐवजी गोड आवाज आला तर घरी जा.

आणि घरी गेल्यावर गोळी त्याच दिवशी घ्या. उद्या सकाळी नाही.